फोन एक, वापरणारे चार: या चुका टाळा

पुण्यातल्या कितीतरी घरांत शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि संध्याकाळी बाबांचा फोन मुलांकडे जातो. त्याच फोनवर बाबांच्या जुन्या मित्रांचा ग्रुपही असतो. तिथं रात्री कुणीतरी टाकलेली अश्लील क्लिप आपोआप उतरते आणि सकाळी चित्रकलेचा फोटो शोधणाऱ्या मुलीला गॅलरीत सगळ्यात वर तीच दिसते.

इथं मोठी चूक म्हणजे नुसतं लपवत बसणं. आधी येण्याची वाट बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन ऑटो-डाउनलोडच्या सगळ्या टिका काढा. बरेच जण फक्त मोबाइल डेटाची टिक काढतात, मग घरी वाय-फायवर सगळं उतरतच राहतं. ग्रुप म्यूट किंवा अर्काइव्ह करूनही डाउनलोड थांबत नाही. असला ग्रुप सरळ सोडावा, हे माझं स्पष्ट मत.

काही पालकांची तक्रार असते, ‘मीडिया व्हिजिबिलिटी बंद केली, तरी फोटो दिसतातच!’ दिसणारच. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो गॅलरीत दाखवायचे की नाही, हे ठरवणारी ती सेटिंग फक्त नव्याने येणाऱ्या फाइल्सना लागू होते, जुन्या हातानेच काढाव्या लागतात. गूगल फोटोजमधून काढल्यावर ट्रॅशही रिकामा करा. बॅकअप झालेला फोटो तिथं 60 दिवस पडून राहतो आणि मुलं ट्रॅश उघडतात.

खासगी फोटो लपवायला गूगल फोटोजमधला लॉक्ड फोल्डर चांगला, पण तो फोनच्याच स्क्रीन लॉकने उघडतो. गेमसाठी मुलाला पॅटर्न सांगितला असेल किंवा त्याच्या बोटाचा ठसा नोंदवला असेल, तर त्या कुलपाला अर्थ नाही. ठसा काढा, पिन बदला. सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डरला वेगळा पिन ठेवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट लॉकलाही वेगळा सीक्रेट कोड देता येतो, तो जरूर द्या.

फोन हातात देताना अँड्रॉइडमधलं ॲप पिनिंग वापरा. समोर उघडलेलं ॲप सोडून मुलाला बाहेर पडता येत नाही. मात्र ‘अनपिन करताना पिन विचारा’ हा पर्याय चालू हवा, नाहीतर दोन बटणं दाबून ठेवली की मूल बाहेर.

आणि मुलानं काही पाहिलंच असेल, तर ओरडू नका, फोनही हिसकावू नका. ‘काय दिसलं? भीती वाटली का?’ एवढं शांतपणे विचारा. ओरडा बसला, तर पुढच्या वेळी ते तुमच्याकडे येणारच नाही.