सोडून दिलेला घोडा घरी आणताना

"दादा, आमच्या रानात जंगली घोडा आलाय." असे फोन मला वर्षाला दहा-पंधरा तरी येतात. मराठवाड्यात जंगली घोडा नाही. आसामात डिब्रू-सैखोवाला दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी घोड्यांची पिलावळ मोकळी फिरते, आणि कच्छच्या रणातलं घुडखर तर गाढवाच्या कुळातलं. आपल्या माळावर दिसतो तो कुणीतरी सोडून दिलेला असतो. वरातीला म्हातारी झालेली घोडी, वीटभट्टीवर पाठ सोललेलं तट्टू, नाहीतर माळेगावच्या यात्रेत गिऱ्हाईक न मिळालेलं लंगडं जनावर. दोन उन्हाळे एकट्यानं काढले की ते माणसाला इतकं बुजतं, की जंगली म्हणणाऱ्याचीही चूक म्हणता येत नाही.

माझे वडील नांदेडला टांगा हाकायचे. आता अहमदपूरजवळ मुरमाड तीन एकरांवर माझ्याकडे अशी नऊ जनावरं आहेत. लोक विचारतात ते पकडायचं कसं. मला सांगायचं असतं ते पकडल्यानंतरच्या दहा दिवसांचं, कारण घोडे तिथं मरतात. एक माझ्याही हातून मेला.

२०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. जवळच्या चारा छावणीत गाई-बैलांना जागा होती, पण घोडीला कुणी उभं करेना. मी तिला घरी आणलं. फासळ्या मोजता येत होत्या, माकडहाड वर आलेलं. घरात सगळ्यांचा जीव कळवळला. आईनं बादलीभर भरडा भिजवला, वर गूळ घातला. घोडीनं बादली चाटून पुसून संपवली, आणि आम्ही तिच्या भोवती बसून आनंदानं बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी ती थरथरायला लागली, बसली ती उठली नाही.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम धान्य किंवा गोड मिळालं की इन्शुलिन उसळतं. रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं. मग स्नायू, श्वास आणि हृदय साथ सोडतात. भूक नव्हे, आम्ही मायेनं दिलेली बादली तिला भोवली. म्हणून हाडांचा सापळा झालेला घोडा दारात आला, की भरडा, मका, गहू, गूळ, भाकरी यांपैकी काहीही दाखवायचं नाही. शेजारची आजी रागावली तरी नाही.

द्यायचा तो वाळवलेला लसूण घास, म्हणजे जनावरांचा ल्युसर्न चारा, पाल्यासकट. त्यात पिष्ट कमी, प्रथिनं आणि खनिजं चांगली. प्रमाण वजनावर ठरतं, आणि वजनकाटा लागत नाही, शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १३५ आणि लांबी १२८ आली तर साधारण १९६ किलो. एवढ्या तट्टाला पहिले तीन दिवस दर चार तासांनी पाव किलो वाळला घास, दिवसरात्र सहा वेळा. रात्री दोनचा गजर लावावाच लागतो. चौथ्या दिवसापासून थोडं थोडं वाढवत दहाव्या दिवसापर्यंत वेळा तीनवर आणा आणि प्रत्येक वेळचा घास मोठा करा. पाणी स्वच्छ, सतत समोर. फार सुकलेला असेल तर सुरुवातीला अर्धी-अर्धी बादली, थोड्या थोड्या वेळानं. हे सगळं पशुवैद्यकांना दाखवून करा. १९६२ वर फोन केला की फिरतं पथक येतं, आणि उदगीर-परभणीची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आपल्याला लांब नाहीत. अंग भरायला तीन ते पाच महिने लागतात. महिन्याभरात घोडा गुबगुबीत करून दाखवण्याची घाई करू नका.

आता पकडण्याकडे येतो. पाठलाग करायचा नाही. एका गावात पोरांनी मोटरसायकली मागं लावल्या, तट्टू काटेरी तारेत घुसलं आणि छाती फाटली. एक म्हातारे बाबा बांधावरून ओरडत होते, "कामून पळवूलालाव रे त्याला?" पोरं थांबली तोवर उशीर झाला होता. उन्हाळ्यात मन्याड नदीच्या पात्रातली डबकी आटतात, तेव्हा पाणीच तुमचं काम करतं. प्लास्टिकचा ड्रम आडवा कापा, धार घासून बोथट करा, आणि रोज संध्याकाळी एकाच जागी, एकाच माणसानं भरून ठेवून निघून यायचं. आठ-दहा दिवसांत तो त्या माणसाची चाल ओळखतो. मग ड्रमच्या तीन बाजूंना बांबू रोवून हिरवं शेडनेट लावा, पाच फूट उंच. घोड्याला जाळी भिंतीसारखी दिसते, तार दिसत नाही. आणखी चार दिवस तसंच जाऊ द्या. पाचव्या दिवशी चौथी बाजू लांबून दोरीनं ओढून घ्या. गळ्यात फास कधीच टाकू नका. बेशुद्धीचं इंजेक्शन फक्त डॉक्टरांच्या हातून.

आत आल्यावर त्या दिवशी हात लावायचा नाही, फक्त घास टाकून जवळ बसा. दुसऱ्या दिवशी डाव्या खांद्याकडून तिरकं जा. घोड्याला जवळपास चौफेर दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. तिथून गेलं की तो दचकतो. कान मागं चिकटले की थांबा, कान सैल पडले की एक पाऊल टाका. पहिला हात तोंडावर नको. आयाळ संपते तिथं, पाठीच्या सुरुवातीला खाजवा. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात, आणि त्यानं त्यांच्या छातीचे ठोके शांत होतात. खालचा ओठ लोंबायला लागला की म्होरकी चढवता येते. सुती असावी. नायलॉनची घासून जखम करते.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. बेवारस वाटणाऱ्या घोड्याला मालक निघतो आणि तुमच्यावर चोरीचा आळ येतो. तारखेसह फोटो काढा, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पंचनामा मागा. मालक सापडला आणि द्यायला तयार झाला तर बॉन्डवर लिहून घ्या. जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्याला शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा सही मिळते.

आणलेला घोडा किमान तीन आठवडे वेगळा बांधायचा. बादली वेगळी, अंग घासायचा खरारा वेगळा, तोंडाला बांधायची चाऱ्याची पिशवी म्हणजे तोबराही वेगळा. भीती ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची. नाकातून घट्ट पिवळा स्राव, पायांवर ओळीनं फुटणाऱ्या गाठी दिसल्या की हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, सरकारी दवाखान्यात लगेच कळवा. हा रोग माणसाला होतो. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं जातो. नमुना पक्का बाधित निघाला तर जनावर जिवंत ठेवता येत नाही, आणि त्या निर्णयाशी भांडू नका, बाकीच्यांचा जीव त्यावर असतो. धनुर्वाताची लस लगेच विचारा, घोडा धनुर्वाताला फार हळवा. जंताचं औषध मात्र पहिल्या आठवड्यात स्वतःहून देऊ नका. आधी लीद तपासा. अशक्त घोड्याच्या पोटात जंत एकदम मेले तर आतडं तुंबतं.

थर्मामीटर घरात ठेवा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक, उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. घोडा पुढच्या पायानं जमीन खरवडतो, वळून कुशीकडं बघतो, लोळतो, लीद थांबते, तेव्हा तो पोटशूळ समजा. घोड्याला उलटी होत नाही, आत अडकलेलं आतच राहतं. बांबूच्या नळीनं तेल पाजायची आपल्याकडची सवय इथं चालत नाही, ते फुफ्फुसात जातं. चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा.

चाऱ्यातल्या काही गोष्टी गोठेवाल्यांना माहीत नसतात. गाईच्या किंवा कोंबड्यांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय थोड्याशानंही बंद पडतं. कण्हेर रस्त्याच्या दुभाजकावर सगळीकडं असते, तिची छाटणी कुंपणात पडू देऊ नका. कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर फुटलेले पोंगे टाळा. एरंडीची पेंडही नको.

खूर वाढलेले असतात. माळेगावच्या यात्रेत भेटलेले एक नालबंद चाचा माझ्याकडे येतात. चपलेच्या टोकासारखे वर वळलेले खूर पाहून मी म्हणालो, "चाचा, आजच सगळे कापून टाका." त्यांनी टाप मांडीवर घेतली, अंगठा तळव्यावर दाबला आणि म्हणाले, "एकदम नको. आतलं हाडही तसंच वळलंय, त्याला परत यायला वेळ द्या." दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं, आणि आकार आला की सहा-आठ आठवड्यांनी एकदा. पावसाळ्यात काळ्या मातीत घोडा उभा राहिला की खुराचा तळ कुजतो, वास येतो. म्हणून निवाऱ्याखाली दीड फूट मुरूम दाबून ओटा करा. छताला पत्रा असेल तर त्यावर कडबा पसरा. आपल्या मे महिन्यात एका घोड्याला दिवसाला चाळीस लिटर पाणी धरून चाला, तेवढी सोय नसेल तर दुसरा घोडा आणू नका. एकटाही ठेवू नका. दुसरा घोडा नसेल तर निदान शेळी जोडीला द्या.

माझ्याकडच्या एका भट्टीवरच्या तट्टाच्या पुढच्या पायांत पायबंद मांसात रुतला होता. दोरी कापली, जखम भरली, तरी तीन महिने तो दोरी असल्यासारखाच आखूड पावलं टाकत उभा राहायचा. झोपायचाही उभ्यानंच. घोड्याला गाढ झोप आडवं पडल्याशिवाय लागत नाही, आणि भीती असेपर्यंत तो आडवा पडत नाही. चौथ्या महिन्यात एका दुपारी लिंबाखाली तो पाय पसरून कुशीवर पडलेला दिसला. मी धावतच गेलो. पोट वर-खाली होत होतं, कान स्वप्नात हलत होता. तुमचा घोडा असा दिसला तर लांबूनच श्वास बघा आणि परत फिरा. त्या दिवशीचा खरारा संध्याकाळी केला तरी चालतो.