जुनी एमटीबी ठेवावी की विकावी? आधी सीटपोस्ट हलतो का बघा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा-पंधरा वर्षांची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, धूळ खात उभी असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नका. तिचा भाव पडायचा तेवढा पडून झाला आहे. साधारण 2012 ते 2014 या काळात मोठ्या कंपन्यांनी 26 इंची चाकं सोडून 27.5 आणि 29 इंची धरली. 2012 मध्येच सायकलचे गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने पुढे एकच दातेरी चाक आणि मागे अकरा, असा एक्सएक्स1 गिअर-सेट आणला आणि पुढे तीन दातेरी चाकांची पद्धत हळूहळू मागे पडली. त्यामुळे आज विकली काय आणि वर्षभराने विकली काय, फरक थोडाच. पाहायचं ते एवढंच, की ती रस्त्यावर आणायला किती खर्च येईल आणि आणल्यावर ती कोणत्या कामाची.

1. फ्रेमपासून सुरुवात

सायकल धुऊन कोरडी करा. सीटचा बोल्ट सैल करून सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, वर-खाली होतो का बघा. वर्षानुवर्षं न हलवलेला पोस्ट फ्रेममध्ये गंजून जाम बसतो. तेल सोडून, रात्रभर ठेवून, पिळूनही तो निघाला नाही, तर सीटची उंची बदलता येत नाही आणि गिऱ्हाईकही पाठ फिरवतं. पोस्ट निघाला तर फ्रेम उलटी धरून हलवा. लोखंडी फ्रेममधून गंजाची भुकटी पडली, तर आत काय चाललंय ते कळलं. कोकणात किंवा मुंबईत वापरलेल्या सायकलींना हे हमखास होतं.

मग सगळे वेल्डिंगचे जोड उजेडात तपासा. हँडलखालचा जोड आणि पायडलचा क्रँक बसतो ती बीबीची (बॉटम ब्रॅकेटची) नळी, ही दोन ठिकाणं विशेष. संशय येईल तिथे नख फिरवा. रंगाचा ओरखडा गुळगुळीत लागतो, तडा नखाला अडतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, ती भंगारात. अशी सायकल कोणाच्या गळ्यात मारू नका.

2. चेन मोजा

मेजपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. चेनचा प्रत्येक दुवा अर्ध्या इंचाचा असतो, म्हणून नव्या चेनमध्ये त्यापुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली असेल तर चेन बदला. पूर्ण सूत गेली असेल तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच, तेही गेलं असं धरा, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन उड्या मारते.

रिमला दोन्हीकडून चिमटणारे व्ही-ब्रेक असतील तर रिमच्या कडेवरून बोट फिरवा. मधे खोलगट लागली तर रिम झिजली आहे. ती फाटू शकते, तेव्हा इथे काटकसर नको. चाकाला थोडा आउट असेल, म्हणजे ते फिरताना डुगडुगत असेल, तर तो कोणताही मिस्त्री काढून देईल.

टायर घेताना मात्र सावध. 26 इंची सगळे टायर सारखे नसतात. एमटीबीला 26×1.95 असा दशांशातला आकडा लागतो आणि टायरच्या बाजूवर 559 छापलेलं असतं. 26×1⅜ हा वेगळा, 590चा टायर. तो तुमच्या रिमवर बसणारच नाही.

3. सस्पेन्शन

खरी गोम इथे आहे. महागडी जुनी एमटीबी सांभाळणं हे साध्या जुन्या एमटीबीपेक्षा जड जातं. सात गिअरचं फ्रीव्हील, चौकोनी बीबी, व्ही-ब्रेकचे पॅड आजही साध्या दुकानात मिळतात. पण पुढच्या, हवेवर चालणाऱ्या एअर फोर्कचे सील किंवा मागच्या शॉकचे सुटे भाग वेळेवर मिळतीलच असं नाही. नवा फोर्क टाकू म्हणाल, तर आजचे बरेचसे चांगले फोर्क वर निमुळते आणि खाली रुंद नळीचे असतात. तुमच्या सरळ 1⅛ इंची नळीच्या फ्रेममध्ये ते जात नाहीत.

4. आता ठरवा

स्वस्तातली डबल सस्पेन्शनची सायकल बिनदिक्कत काढून टाका. जड असते, आणि चढावर ताकद स्प्रिंग खाते. हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनची मूळची महाग सायकल चालू अवस्थेत आहे तोवर विका; बंद पडल्यावर तिला कोणी विचारत नाही.

मागे सस्पेन्शन नसलेली साधी सायकल, फ्रेम धड आणि तुमच्या मापाची असेल, तर माझं मत सरळ आहे: ठेवा. गुठळ्यांचे टायर काढून 1.5 इंची गुळगुळीत टायर घाला, मागे कॅरिअर आणि मडगार्ड लावा. पुढे तीन दातेरी चाकं असल्याने सगळ्यात लहान गिअर इतका हलका मिळतो, की सामान लादूनही सिंहगडाचा चढ चढता येईल. मंडईसाठी, ऑफिससाठी याहून सोयीची सायकल या पैशात नवी मिळत नाही. माप लहान पडत असेल तर मात्र भावनेत अडकू नका, गुडघे बोलायला लागतात.

5. विकायचीच असेल तर

विक्रीआधी चेन-फ्रीव्हील बदलू नका, तो खर्च वसूल होत नाही. ट्यूब, ब्रेकचे पॅड, केबल एवढंच करा. ज्या बाजूला चेन आहे त्या उजव्या बाजूचा फोटो काढा, टायरवरचा आकडा आणि दोषही दाखवा. भाव ठरवताना जाहिरातींतले आकडे पाहू नका. लोक मागतात ते वेगळं आणि मिळतं ते वेगळं. दोन-तीन दुकानांत सायकल नेऊन काय देतात ते विचारा आणि त्याच्या थोडं वर सांगा.

सायकल न बघताच कोणी 'क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील' म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. व्यवहार झाला की बीबीच्या नळीखाली कोरलेला फ्रेम नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असा कागद करून त्याचा फोटो जवळ ठेवा.