व्हिसाशिवाय शेंगेन: नव्वद दिवस कसे मोजावेत, सीमेवर काय हाताशी ठेवावे

भारतीय पासपोर्टवर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच सीमानियमाखालच्या २९ युरोपीय देशांत, जायचे तर व्हिसा लागतोच. पुढची माहिती अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, इस्रायल किंवा मॉरिशसचा पासपोर्ट असलेल्यांसाठी आहे. इस्रायलच्या अश्दोदमधल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) कुटुंबापासून मॉरिशसच्या मराठी घरापर्यंत अनेकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. मॉरिशसच्या नागरिकांना ही सवलत २००९ च्या करारानंतर मिळाली.

मात्र माफी आहे ती फक्त व्हिसाच्या अर्जाची. वकिलातीत जे प्रश्न विचारले गेले असते ते विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो, आणि उत्तर पटले नाही तर तिथूनच परत पाठवू शकतो.

पायरी १: कोणाला काय लागते ते पासपोर्टनुसार पाहा

एकाच घरात नवऱ्याचा पासपोर्ट अमेरिकन आणि बायकोचा भारतीय, हे नेहमीचेच. अशा वेळी तिला व्हिसा लागतो, त्याला नाही. लग्नामुळे त्याची सवलत तिला मिळत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते त्या ओसीआय कार्डाचा शेंगेनच्या सीमेवर काही उपयोग नाही. ते पुढे भारतात येण्यासाठी जवळ असू द्या.

गोव्याची गोष्ट वेगळी. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले गोवेकर युरोपीय संघाचेच नागरिक ठरतात. खालचे नव्वद दिवसांचे गणित, बोटांचे ठसे, ऑनलाइन परवानगी, यातले काहीच त्यांना लागू नाही.

पायरी २: पासपोर्टवरच्या दोन्ही तारखा तपासा

मुदत संपण्याची तारीख सगळे पाहतात. अडचण येते ती दिल्याच्या तारखेमुळे. नियम दोन आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे पाळावे लागतात. प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट काढून दहा वर्षे झालेली नसावीत. आणि शेंगेनमधून निघण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध असावा.

यात ब्रिटिश पासपोर्टधारक सर्वाधिक अडकतात. सप्टेंबर २०१८ पर्यंत ब्रिटनमध्ये जुन्या पासपोर्टचे उरलेले नऊ महिन्यांपर्यंतचे दिवस नव्यात जमा करून देत. त्यामुळे १५ ऑगस्ट २०१६ रोजी काढलेल्या पासपोर्टवर १५ मे २०२७ ही मुदत छापलेली असू शकते. तरी १५ ऑगस्ट २०२६ पासून त्यावर शेंगेनमध्ये प्रवेश मिळणार नाही, आणि विमान कंपनी चेक-इनलाच थांबवील.

पायरी ३: दिवस मोजा

चुका होतात त्या इथेच, म्हणून जरा सावकाश वाचा.

नियम असा: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. पोहोचल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. रात्री साडेअकराला उतरलात तरी तो पूर्ण दिवस. शेंगेनमधल्या २९ देशांचा हिशोब एकत्र होतो, प्रत्येक देशाला वेगळे नव्वद नाहीत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन युरोपीय संघात नसले तरी या मोजणीत येतात. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून आला, बल्गेरिया आणि रोमानिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. तिथले दिवस यात धरू नका. मॉरिशसच्या मंडळींसाठी महत्त्वाचे: शेजारचे रेयुनियाँ बेट फ्रान्सचे असले तरी शेंगेनच्या बाहेर आहे, त्यामुळे तिथली सुट्टी या नव्वदांतून वजा होत नाही.

हे १८० दिवस जानेवारीत सुरू होत नाहीत, पहिल्या प्रवेशालाही नाही. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यांत मुक्काम नव्वदांच्या आत आहे का ते पाहायचे. ही चौकट रोज एक दिवस पुढे सरकते.

आधी सोपे उदाहरण. १ एप्रिलला प्रवेश, २९ जूनला प्रस्थान: एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे २९, बरोबर ९०. आता परत कधी जाता येईल? २७ सप्टेंबरपासून मागे १८० दिवस मोजले तर आपण १ एप्रिलवर येतो, म्हणजे आधीचे नव्वदही चौकटीतच आहेत आणि २७ तारीख एक्क्याण्णवावा दिवस ठरते. २८ सप्टेंबरला १ एप्रिल गळतो आणि जागा होते. पुढे रोज एक जुना दिवस गळतो आणि एक नवा भरतो.

दोन फेऱ्यांचे गणित थोडे फसवे. समजा २०२६ मध्ये १० ते ३० जानेवारी मुक्काम झाला, म्हणजे २१ दिवस. पुन्हा १ मेला गेलात. बहुतेक जण ९० मधून २१ वजा करून ६९ धरतात आणि ८ जुलैचे परतीचे तिकीट काढतात. खरे तर ९ जुलैपासून जानेवारीचा एकेक दिवस चौकटीबाहेर पडू लागतो, म्हणून २९ जुलैपर्यंत राहता येते. ३० जुलै मात्र एक्क्याण्णवावा. इथे वजाबाकीत दिवस वाया गेले, एवढेच. पण उलट फसगत जास्त महागात पडते: दोन दिवस लंडनला जाऊन आले की नव्वद पुन्हा पहिल्यापासून, हा समज. बाहेर घालवलेले दिवस मोजले जात नाहीत इतकेच; आतले जुने दिवस पुसले जात नाहीत. नवा पासपोर्ट काढूनही नाही.

कागदावर करायचे नसेल तर युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर यासाठी मोजयंत्र आहे. त्यात मागच्या फेऱ्यांच्या तारखा भरायला विसरू नका. आणि नव्वदावा दिवस परतीसाठी ठेवू नका. संप झाला, विमान रद्द झाले, तर हाताशी चार-पाच दिवस असू द्यात.

एखाद्या शेंगेन देशाचा राहण्याचा परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल, तर त्या आधारावर तिथे काढलेले दिवस या हिशोबात येत नाहीत.

पायरी ४: कागद हातातल्या पिशवीत

परतीचे किंवा पुढचे तिकीट, मुक्कामाचे बुकिंग, आणि खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा. किती म्हणजे पुरेसे, हे देश ठरवतो. फ्रान्समध्ये हॉटेलचे बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२०. नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याने आपल्या नगरपालिकेतून घेतलेले निवासाचे प्रमाणपत्र लागते. मग रक्कम ३२.५० युरोवर येते. हा कागद यजमानाने आधीच काढून मूळ प्रत पाठवायची असते, त्यामुळे त्याला वेळेत सांगा.

मुलीकडे बाळंतपणाला जाणाऱ्या आईने "मदतीला चालले" असे मोघम सांगण्यापेक्षा "मुलीला भेटायला चालले, अमुक तारखेला परत" असे सांगावे. या सवलतीवर पगारी काम करता येत नाही, आणि 'मदत' हा शब्द नको ते प्रश्न उभे करतो.

इटलीत दुसऱ्या शेंगेन देशातून पोहोचून कुणाच्या घरी राहत असाल, तर आठ दिवसांच्या आत पोलिसांच्या क्वेस्तुरा कार्यालयात हजेरीची नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलात तर ते काम हॉटेल करते.

पायरी ५: सीमेवरची नोंदणी

पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा आता ईईएस या संगणकीय नोंदीने घेतली आहे. ती १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. सर्व चौक्यांवर पूर्ण अंमलासाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. पहिल्या वेळी पासपोर्ट वाचला जातो, चेहऱ्याचा फोटो आणि चार बोटांचे ठसे घेतले जातात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. शुल्क नाही. ठसे द्यायला नकार म्हणजे प्रवेशाला नकार. नोंद तीन वर्षे राहते, त्यामुळे पुढच्या वेळी काम लवकर होते. व्हिसावर आलेल्या भारतीय जोडीदाराचीही नोंद होते, फक्त त्याचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात.

मेंदी लागलेली बोटे, भांडी घासून झिजलेले ठसे, यामुळे यंत्र अडते. हात पुसून, बोटे सपाट टेकवून पुन्हा प्रयत्न करा, नाही तर अधिकाऱ्याकडे जा.

ही तपासणी पहिल्या शेंगेन विमानतळावर होते. मुंबई–फ्रँकफर्ट–रोम असा प्रवास असेल तर रांग फ्रँकफर्टला. तिथे सव्वा तासाचे कनेक्शन घेऊ नका. तीन तास बरे, आणि दोन वेगळी तिकिटे असतील तर त्याहून जास्त. लंडनहून रेल्वेने पॅरिसला जाताना फ्रेंच तपासणी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातच उरकते.

पायरी ६: ईटियास

ही व्हिसामाफी असलेल्यांसाठीची ऑनलाइन पूर्वपरवानगी. नियोजनानुसार ती २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू व्हायची असून सुरुवातीला किमान सहा महिन्यांचा संक्रमणकाळ ठेवला आहे. शुल्क २० युरो; १८ वर्षांखालील आणि ७० वर्षांवरील व्यक्तींना माफ, अर्ज मात्र त्यांचाही हवा. परवानगी तीन वर्षे किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल ते. सायप्रस धरून ३० देशांत ती लागेल.

बहुतेक उत्तरे काही मिनिटांत यावीत अशी रचना आहे, पण जास्तीची माहिती मागितली तर १४ दिवस आणि मुलाखतीला बोलावले तर ३० दिवस लागू शकतात. तेव्हा आधी अर्ज, मग न परतवता येणारे बुकिंग. पासपोर्ट क्रमांकातले इंग्रजी ओ अक्षर आणि शून्य यांची गल्लत झाली तर परवानगी असूनही नसल्यासारखी. अर्ज युरोपीय संघाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा; सरकारी वाटणारी खासगी पाने वरचे पैसे उकळतात.

पायरी ७: बाहेर पडल्याची नोंद

निघताना घाईत हे राहून जाते. प्रस्थानाची नोंद झाली नाही तर संगणकाच्या लेखी तुम्ही आतच आहात, आणि पुढच्या वेळी मुदत ओलांडल्याचा ठपका येतो. दंड किंवा प्रवेशबंदी त्या त्या देशाच्या कायद्यानुसार. म्हणून बोर्डिंग पास, बाहेरच्या देशातला प्रवेशाचा शिक्का, कार्डाच्या खर्चाच्या पावत्या किमान वर्षभर जपा. नोंद चुकलेली आढळली तर हे पुरावे जोडून संबंधित देशाच्या सीमा-अधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज करता येतो.