स्विचच्या पोर्टवर 'शंभर-फुल' करण्याआधी

कॅमेरेवाला येतो आणि म्हणतो, "मॅडम, तेवढा आपला पोर्ट शंभर-फुल करून द्या ना." मी विचारते, "कॅमेऱ्यातही तसंच केलंय का?" मग तो फोन काढून त्याच्या साहेबांना विचारायला बाहेर जातो. स्विच म्हणजे नेटवर्कच्या केबली जोडणारी पेटी आणि पोर्ट म्हणजे तिच्यावरची केबल लावायची जागा. शंभर-फुल म्हणजे १०० एमबीपीएस स्पीड आणि फुल डुप्लेक्स: फुलमध्ये दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात, हाफमध्ये एका वेळी एकच. पोर्टवर स्पीड आणि डुप्लेक्स ऑटोवर न सोडता हाताने ठोकून बसवायची ही सवय आपल्या लाईनमधून अजून गेलेली नाही. तिच्यामुळे जेवढी नेटवर्कं रडतात, तेवढी व्हायरसनेही रडत नसतील.

मी नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली नेटवर्कं सांभाळते. तिथल्या रॅकमध्ये बहुतेक सिस्कोचे कॅटॅलिस्ट २९६० स्विच आहेत, म्हणून खालच्या आज्ञा त्यांच्याच आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या. कुठे अडलात तर प्रश्नचिन्ह दाबा, पुढे काय चालेल ते स्विचच सांगतो. टॅब दाबलं की अर्धवट शब्द पूर्ण होतो.

आधी बघायचं, मग हात लावायचा. कन्सोल केबल लावा किंवा पुट्टी या प्रोग्रॅममधून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरूनच, आत जा आणि 'शो इंटरफेसेस स्टेटस' मारा. प्रत्येक पोर्टची एक ओळ येते: नाव, स्थिती, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क), डुप्लेक्स, स्पीड. डुप्लेक्सखाली 'ए-फुल' आणि स्पीडखाली 'ए-१०००' दिसलं तर पुढचा 'ए' म्हणजे हे ऑटोने ठरलंय. 'ए' नसेल तर कोणीतरी हाताने बसवलंय. आणि 'ए-हाफ, ए-१००' दिसलं तर तिथेच थांबा, ते पोर्ट संशयित आहे. आजच्या काळात हाफ डुप्लेक्सवर स्वतःहून जाणारं यंत्र क्वचितच सापडतं.

असं का होतं ते एकदा नीट समजून घ्या, पुढचा खूप वेळ वाचेल. ऑटोनिगोशिएशनमध्ये दोन्ही टोकं एकमेकांना बारीक पल्स पाठवून आपल्याला काय काय जमतं ते सांगतात आणि त्यातलं सर्वांत चांगलं निवडतात. एका टोकाला तुम्ही १०० आणि फुल ठोकून बसवलं की ते टोक गप्प होतं. समोरचं टोक सिग्नलच्या धाटणीवरून १०० चा वेग ओळखतं, पण डुप्लेक्स ओळखायला काहीच खूण नसते. अशा वेळी हाफ धरायचं, असा नियमच आहे. आता एक बाजू फुल, दुसरी हाफ. हाफवाला बोलत असताना समोरून फ्रेम (डेटाचा गठ्ठा) आली की त्याला वाटतं टक्कर झाली. तो आपली फ्रेम अर्धवट टाकून देतो. फुलवाल्याला टक्कर हा प्रकारच माहीत नाही, त्याच्या पदरात अर्धवट फ्रेम पडते आणि तो ती सीआरसी एरर, म्हणजे तपासणीत न जुळलेली फ्रेम, म्हणून फेकतो. लिंकचा दिवा हिरवा, पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) सुरेख, आणि टॅलीचा बॅकअप घ्यायला गेलं की रांगतोय. म्हणून 'पिंग येतोय ना' हा पुरावा मी मानत नाही.

पुरावा हवा असेल तर 'शो इंटरफेसेस गिगाबिटइथरनेट ०/५' मारा आणि खालचे आकडे वाचा. 'लेट कोलिजन' (उशिरा कळलेली टक्कर) वाढत असेल तर स्विचची बाजू हाफ आहे आणि समोरची फुल. सीआरसी आणि रंट (मापापेक्षा छोट्या, अर्धवट फ्रेम) वाढत असतील तर उलटं असू शकतं, किंवा केबलच खराब. जुने आकडे फसवतात, कारण ते कधीपासूनचे आहेत ते कळत नाही. आधी 'क्लिअर काउंटर्स' करा, एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि मग पुन्हा बघा.

ठोकून बसवायची सवय आली कुठून, हेही सांगते. १९९५ मध्ये फास्ट इथरनेटबरोबर ऑटोनिगोशिएशन आलं तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्डांचं आपसात जमत नसे, आणि तेव्हाच्या लोकांनी फिक्स करणं शिकवलं ते बरोबरच होतं. पण १९९९ मध्ये तांब्याच्या केबलवरचं गिगाबिट आलं, त्यात ऑटोनिगोशिएशन सक्तीचंच केलंय. तेव्हा दोन्हीकडे ऑटो, हा माझा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा उपाय असतो.

आता प्रत्यक्ष काम. दूरून करत असाल तर सगळ्यांत आधी 'रिलोड इन १०' द्या. कॉन्फिगरेशन सेव्ह करू का असं विचारलं तर 'नो' म्हणा. चुकून स्वतःचाच रस्ता बंद केलात तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर उठतो आणि रात्री गाडी काढून अंबडला जावं लागत नाही. सगळं ठीक झालं की 'रिलोड कॅन्सल' मात्र विसरायचं नाही, नाहीतर चालू शिफ्टमध्ये स्विच रीबूट होईल.

मग:

कॉन्फिगर टर्मिनल
इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/५
डिस्क्रिप्शन वजनकाटा-पीसी
स्विचपोर्ट मोड ॲक्सेस
स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०
स्पीड ऑटो
डुप्लेक्स ऑटो
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट
स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल

डिस्क्रिप्शन हा फालतू सोपस्कार समजू नका. वर्षभराने तुमच्याच उपयोगी पडतो. व्हीलॅनचा आकडा दोनदा वाचा. २० च्या जागी २०० टाकलंत तर हा स्विच अडवत नाही. तो व्हीलॅन नाही म्हणून नवाच बनवतो, एक ओळ दाखवतो आणि पुढे जातो. तुमचा पीसी त्या रिकाम्या व्हीलॅनमध्ये एकटा बसून आयपी मागत राहतो.

पोर्टफास्ट नसेल तर केबल लावल्यावर पोर्ट सुरू व्हायला साधारण ३० सेकंद लागतात, कारण स्पॅनिंग-ट्री (नेटवर्कमध्ये केबलींचं वर्तुळ होऊ न देणारी व्यवस्था) १५ सेकंद ऐकते आणि १५ सेकंद शिकते. तोवर पीसी डीएचसीपीला (आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सेवेला) कंटाळून १६९.२५४ चा पत्ता स्वतःच लावून मोकळा होतो. पण पोर्टफास्ट फक्त पीसी, प्रिंटर, थंब मशीन अशा शेवटच्या यंत्रांना. बीपीडीयूगार्ड जोडीला हवाच. कोणीतरी टेबलाखाली घरचा स्विच लावला आणि त्याने बीपीडीयू (स्पॅनिंग-ट्रीचे निरोप) पाठवले की पोर्ट एरर-डिसेबल होतो, म्हणजे स्विच तो स्वतःच बंद करतो. तो कारण काढल्यावर 'शटडाउन', 'नो शटडाउन' करून उठवायचा. कारण न काढता उठवलात तर तो पुन्हा झोपणार.

थंब मशीनसारखं जुनं यंत्र गिगाबिटवर कुरकुर करत असेल तर ठोकून बसवण्याऐवजी 'स्पीड ऑटो १० १००' द्या. वाटाघाटी चालू राहतात, फक्त १००० चं नाव निघत नाही. डुप्लेक्सचा घोळ होत नाही. आणि समोरचं यंत्र खरंच फिक्स असेल, बदलता येत नसेल, तरच स्विचवरही तेच फिक्स करा, दोन्हीकडे अगदी सारखं. लक्षात ठेवा, तेव्हा ऑटो-एमडीआयएक्सचाही (केबल सरळ की क्रॉस ते आपोआप जुळवून घेण्याचाही) भरवसा राहत नाही. क्रॉस केबल लागू शकते.

गिगाबिटचं पोर्ट १०० वरच अडकत असेल तर सेटिंगमध्ये शिरू नका, केबल बघा. १०० ला दोन जोड्या पुरतात, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी क्रिम्पिंगमध्ये सुटली की १०० चालतं आणि १००० चालत नाही. लॅन टेस्टर हाताशी नसेल तर 'टेस्ट केबल-डायग्नोस्टिक्स टीडीआर इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/५' मारा, थोड्या वेळाने 'शो केबल-डायग्नोस्टिक्स टीडीआर इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/५'. प्रत्येक जोडी नॉर्मल आहे की ओपन, आणि तुटली असेल तर साधारण किती मीटरवर, हे कळतं. यात पोर्ट क्षणभर बंद पडतो, म्हणून चालू वजनकाट्यावर करायचं नाही.

दोन स्विचमधल्या ट्रंकवर (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) नवा व्हीलॅन द्यायचा असेल तेव्हा 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०' असं 'ॲड'सकट लिहायचं. 'ॲड' गळलं की आधीची सगळी यादी पुसून फक्त ३० उरतो आणि पलीकडचं शेड अंधारात जातं. 'रिलोड इन'चा खरा उपयोग इथे कळतो.

मोकळी पोर्टं 'इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट ०/१८ - २४' असं एकदम धरून 'शटडाउन' करून टाका. शेवटी 'एंड' आणि 'राइट मेमरी'. वेब पेजवर चालणाऱ्या स्वस्त स्मार्ट स्विचमध्येही सेव्हचं बटण बहुधा वेगळं असतं. नुसतं 'अप्लाय' केलेलं लाइट गेली की जातं, आणि आपल्याकडे शनिवारी लाइट जातेच.