क्लच नवा टाकूनही त्रास चालूच? गॅरेजात परत जाण्याआधीची तयारी

बहुतेक गाड्यांत क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये असतात, त्यामुळे त्यांना हात लावायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरी चढते ती तिथेच. एवढे पैसे मोजून आणलेली गाडी पुन्हा अडून बसली की माणूस तडक गॅरेज गाठतो आणि तिथे काय बोलावं ते सुचत नाही. जाण्याआधी दोन प्रश्न मनात पक्के असू द्या. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची खरंच गरज आहे का? आणि असेल, तर ती मजुरी कोण भरणार?

आधी बिल काढा. नुसतं ‘क्लच वर्क’ लिहिलं असेल तर काय काय बदललं ते फोन करून विचारा आणि तपशील लेखी मागा. रिलीज बेअरिंग नवं टाकलं की जुनंच ठेवलं? फ्लायव्हीलचा, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चकतीचा, पृष्ठभाग पाहिला का? काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा भाग, गिअरबॉक्सच्या आतच असतो. तो जुना ठेवून पुढे गळला तर सगळी उस्तवार पुन्हा करावी लागते. दुरुस्तीच्या दिवशीचं किलोमीटरचं रीडिंग आणि आजचं रीडिंग शेजारी शेजारी लिहून ठेवा. वॉरंटी किती आणि कशावर, हेही बिलावर शोधा. क्लच प्लेट झिजणारा भाग म्हणून वॉरंटीतून वगळण्याची पद्धत आहे, पण चुकीची बसवणूक म्हणजे झीज नव्हे.

मग गाडीत बसा आणि पायाखालचं मॅट काढा. जाड मॅट पेडलखाली सरकलं की पेडल पूर्ण दबत नाही, क्लच पुरता सुटत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाही, आणि गिअर करकरतो. ते नसेल तर बॉनेट उघडा. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर क्लच ऑइलची (ब्रेक फ्लुइडची) पातळी बघा. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते. पेडल स्पंजासारखं लागत असेल आणि चारपाच वेळा भराभर पंप केल्यावर कडक होत असेल, तर लाइनमध्ये हवा राहिल्याचा संशय घ्या. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर पेडलजवळचा मास्टर किंवा क्लचजवळचा स्लेव्ह सिलिंडर संशयित. केबलच्या गाडीत केबलचं सेटिंग आधी तपासायचं. हवा काढणं किंवा केबल सेट करणं गिअरबॉक्स न उतरवता होतं, म्हणून हे आधी करून घ्यायचा आग्रह धरा.

आता मोकळ्या, सपाट रस्त्यावर लक्षण नेमकं पकडा. चौथ्या गिअरमध्ये ताशी 40 च्या आसपास असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर गेले आणि गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच घसरतोय. एकदा कळलं की पुरे. पुन्हापुन्हा केलं तर प्लेट जळते. उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबा, दोनतीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकर झाली तर क्लच पुरता सुटत नाही. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावरच घरघर येते का? मग रिलीज बेअरिंगकडे बोट जातं. पेडल सोडल्यावर येते आणि दाबल्यावर थांबते, तर आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा. गाडी उचलताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल, फ्लायव्हीलचा खराब पृष्ठभाग किंवा सैल इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे आधार), यातलं काहीही असू शकतं. आवाजाचा व्हिडिओ शेजारी बसलेल्याला काढू द्या.

“पाचशे किलोमीटर चालवा, सेट होईल” हे उत्तर ठरलेलं आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. नवी प्लेट बसेपर्यंत थोडी थरथर चालते, पेडल जुन्यापेक्षा वेगळ्या उंचीवर उचल घेतं. घसरणं आणि गिअरची करकर मात्र सेट होत नसते, उलट नव्या प्लेटची वाट लागते. दुसरं ठरलेलं वाक्य, “तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता.” सवय असेल तर कबूल करा आणि आजच सोडा. नसेल तर शांतपणे सांगा आणि फोरमनला शेजारी बसवून एक चक्कर मारा.

जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेज तुमची तक्रार लिहून घेतं त्या कागदावर, ‘क्लच चेक करणे’ एवढंच लिहू देऊ नका. ‘चौथ्या गिअरमध्ये आरपीएम वाढतात, वेग वाढत नाही’ असं लक्षण लिहून घ्या. गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच तर मजुरीचं आधी ठरवा आणि पुसण्याआधी बघायला बोलवा असं सांगा. आतल्या बाजूला तेल दिसलं तर ते इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून आलंय की गिअरबॉक्सच्या सीलमधून, हे तिथेच कळायला हवं. सील न बदलता नुसती प्लेट बदलली तर तीही तेलानेच जाणार.

पेडल जमिनीला टेकत असेल किंवा जळका वास येत असेल तर खंबाटकी किंवा वरंधा घाटात गाडी घालू नका. टो करून न्या, पैसे गेले तरी चालतील.

गॅरेजने हात वर केले तर दुसऱ्या मेकॅनिककडून गाडी उघडण्याआधी लेखी मत घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुदत 2 वर्षांची, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिल, जॉब कार्ड, व्हिडिओ सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि काढलेले जुने भाग प्रकरण मिटेपर्यंत भंगारात देऊ नका.