लॉक बंद असेल तेव्हा नॅरोबोटीचा बेत कसा आखावा

इंग्लंडच्या कालव्यांवर आणि नद्यांवर नॅरोबोट, म्हणजे कालव्यांसाठीची लांब-अरुंद बोट, घेऊन निघणाऱ्याला हमखास मिळणारा वाईट सल्ला म्हणजे, "निघा तर खरं, तुम्ही पोहोचेपर्यंत लॉक उघडलेलं असेल." यावर विसंबू नका. लॉक म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांमध्ये बोट चढवणारं-उतरवणारं, दरवाजांचं कुंड. बंद लॉकला वळसा घालून बोट नेता येत नाही. त्यामुळे सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की लॉक बंद असेल तेवढे दिवस आपली बोट त्याच्या कोणत्या बाजूला हवी.

बहुतेक कालव्यांच्या सूचना कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट देते, तर टेडिंग्टनच्या वरच्या थेम्सच्या सूचना एन्व्हायर्नमेंट एजन्सी देते. ऑक्सफर्ड कालव्यातून थेम्सवर उतरणार असाल तर दोन्हीकडे बघा. मोठ्या दुरुस्त्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात काढतात.

सूचना शोधणं सोपं आहे, गफलत होते ती वाचताना. "पुढील माहिती शुक्रवारी" असं लिहिलेलं असतं आणि लोक शुक्रवारी लॉक उघडणार असं धरून चालतात. शुक्रवारी फक्त नवी सूचना येते, आणि तिच्यात पुढचा शुक्रवार असू शकतो. तारखेपेक्षा कारण नीट वाचा. दरवाजे बदलण्याचं काम आधीच ठरलेलं असेल, तर दिलेल्या तारखेवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. पॅडल, म्हणजे लॉकमधलं पाणी सोडणारी झडप, मोडलं असेल तर दुरुस्ती पाणबुड्यावर आणि सुट्या भागावर अडते, तेव्हा जाहीर तारखेच्या पुढे काही दिवस मोकळे ठेवा. भिंत किंवा बांध खचला असेल तर या मोसमात तो रस्ता नाहीच, असं समजून नवा बेत करा. पाण्याचा तुटवडा हे कारण असेल तर सगळं जलाशयांवर अवलंबून. एका पावसाने जलाशय भरत नाहीत. लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा लांब पट्टा 2022 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये याच कारणाने बंद होता.

"बंद" आणि "निर्बंध" यांतही फरक आहे. निर्बंध म्हणजे लॉक ठरावीक तासांतच चालतं आणि एरवी त्याला कुलूप असतं. शेवटच्या प्रवेशाची वेळ बंद होण्याच्या वेळेच्या बरीच आधी असते, ती वेगळी टिपून ठेवा.

थेम्सवर आणखी एक गोष्ट सांभाळायची. लॉक चालू असलं तरी नदी बोट चालवण्याजोगी नसू शकते. लॉकवर लाल पाटी असेल तर प्रवाह जोरात आहे, कोणतीही बोट बाहेर काढू नका. प्रवाह वाढत असल्याची पिवळी पाटी दिसली, तर इंजिनाच्या बोटीनेही सुरक्षित जागा शोधून बांधून घ्यावं. पाऊस थांबला म्हणजे पाटी निघाली असं होत नाही, कारण वरच्या खोऱ्यातलं पाणी उतरायला दिवस लागतात.

यानंतर नकाशावर एक खूण करा, आणि ही पायरी कधीही गाळू नका. बंद लॉकच्या अलीकडची शेवटची वळण्याची जागा, म्हणजे वाइंडिंग होल, शोधा आणि तिथे किती फुटांची बोट वळते ते पाहा. 57 फुटांची बोट 45 फुटांच्या जागेत वळणार नाही. मग मैलोन्‌मैल उलटं जाणं आलं, आणि उलट्या दिशेत नॅरोबोटीचं सुकाणू जवळजवळ निकामी असतं, कारण पंख्याचं पाणी त्यावरून वाहत नाही. खात्रीची बातमी मिळाल्याशिवाय त्या जागेपुढे जाऊ नका.

पर्यायी रस्ता निवडताना आधी बोटीची लांबी-रुंदी बघा. ऑक्सफर्ड कालव्याच्या दक्षिण भागात लॉक 7 फूट रुंद आहेत, वाइडबीम, म्हणजे जास्त रुंदीची बोट, तिथे जातच नाही. उलट नॅरोबोटीला ऑक्सफर्डला थेम्सकडे नेणारं आयसिस लॉक बंद मिळालं तरी ड्यूक्स कट या जोडकालव्यातून थेम्सवर उतरता येतं, फक्त त्यासाठी आयसिसच्या बऱ्याच आधी तिकडे वळावं लागतं.

वेळेचा हिशेब सोपा आहे: मैल अधिक लॉक, भागिले तीन. 24 मैल आणि 30 लॉक म्हणजे 18 तास, दिवसाला सहा तास चालवलंत तर तीन दिवस. त्यावर रांग धरा. लॉक उघडल्यावर दर बोटीला 20 मिनिटं धरली, तरी पुढच्या 15 बोटींना 5 तास जातात.

अडकलातच तर पाणीपुरवठ्याच्या आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याच्या जागेपासून लांब बांधू नका. ट्रस्टच्या पाण्यावर एका जागी साधारण 14 दिवसांची मर्यादा असते. बंदमुळे ती ओलांडली जाणार असेल तर आधीच कळवा आणि उत्तर जपून ठेवा. गळक्या दरवाजांमुळे दोन लॉकमधलं पाणी रातोरात उतरतं, म्हणून दोर ताणून बांधू नका. ताणलेल्या दोरावर बोट एका बाजूने लटकते. काठाला चिकटूनही बांधू नका, नाहीतर पाणी उतरताना बोटीची कड काठावर टेकते आणि बोट कलते.