गामेलानबरोबर व्हायोलिन, पियानो वाजवताय? या चुका टाळा

गामेलान म्हणजे इंडोनेशियातल्या जावा-बालीचा, मुख्यतः कांस्याच्या पट्ट्या आणि गोंगांचा वाद्यसंच. पहिल्याच तालमीला मोबाइलवरचा ट्यूनर घेऊन सारोनसमोर (हे त्यातलं पट्ट्यांचं वाद्य) बसलेला माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. सुई कुठल्याच स्वरावर स्थिरावत नाही आणि मग प्रश्न येतो, "हे जरा बेसूर आहे का?" नाही हो. जावाचं गामेलान 440 हर्ट्झचा प्रमाण सूर वगैरे मानत नाही. प्रत्येक संच स्वतःपुरता सुरात लावलेला असतो. शेजारच्या गावातल्या संचाशी तो जुळेलच असंही नाही.

आपल्या लोकांची खास चूक वेगळीच. स्लेंद्रो या गामेलानच्या सप्तकाचे पाच स्वर कानावर पडले की "अरे, हा तर भूप!" जावातल्या योग्यकर्तामध्ये एका कार्यक्रमाच्या तालमीत मीही हेच केलं. व्हायोलिनवर ऐटीत गंधार लावला, तर त्यांची पट्टी ग आणि म यांच्या मध्ये, बरीचशी मकडे झुकलेली. भूपात ग-प अंतर सा-रेपेक्षा चांगलंच मोठं. स्लेंद्रोत पाचही अंतरं जवळपास सारखी, साधारण 240 सेंटची (शंभर सेंट म्हणजे पियानोवरचा एक अर्धस्वर). म्हातारे गुरुजी काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघत तीच पट्टी पाच-सहा वेळा वाजवली. मी बोट सरकवत गेलो, दोन सुरांमधली थरथर थांबली, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

त्याच कार्यक्रमात पियानोही होता. तालमीला एकच दिवस उरला असताना कुणीतरी विचारलं, "पट्ट्या थोड्या घासता येतील का?" पट्टी मध्यावर घासली की स्वर उतरतो, टोकांना घासली की चढतो, पण घासलेलं कांसं परत येत नाही. पियानोला खुंट्या असतात, त्या फिरवा! अमेरिकन संगीतकार लू हॅरिसन यांच्या पियानो आणि गामेलानसाठीच्या 1987च्या कॉन्सर्टोत पियानोच गामेलानच्या सुरात लावावा लागतो. तेवढा वेळ नसेल तर पियानो सोडा. सूर हवा तिथे सरकवता येतो असं काही, म्हणजे चेलो, ट्रॉम्बोन किंवा गळा घ्या. आम्ही पियानोचे तुकडे गाळले, पियानिस्ट रुसला.

बालीच्या संचात जोडीतली दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळी लावतात. त्यामुळे आवाजात थरथरती लहर उठते, ती "दुरुस्त" करू नका.

मोठा गोंग वाजला की पाश्चात्त्य वादक "एक" मोजतात. सोळा मात्रांच्या आवर्तनात गोंग सोळाव्या मात्रेवर येतो, सगळं वजन त्या शेवटाकडे चालत जातं. आपण सम "एक" धरतो, म्हणून आपणही फसतो. हे कागदावर समजत नाही. मी पहिले दोन दिवस व्हायोलिन पेटीतच ठेवतो आणि सारोनवर बसतो: उजव्या हाताने नवी पट्टी, त्याच क्षणी डाव्या हाताने आधीची दाबायची. घाईवाल्यांना हा वेळ फुकट वाटतो. वाटू दे.

मेट्रोनोम घरी ठेवा, लय केंदांगवाल्याच्या, म्हणजे ढोलवाल्याच्या हातात असते. ट्रम्पेट मागे बसवा, नाहीतर रेबाब (गजाने वाजवायचं हळू आवाजाचं तंतुवाद्य) ऐकूच येणार नाही.

आणि वाद्यं ओलांडून जाऊ नका, वळसा घाला. बूट बाहेर काढायचे, चेलोवाल्यानेसुद्धा.